कोठडीतील सोबती

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



बक्षीस-वितरणाच्या दिवशी तुरुंगावर बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या मांडवात मयताची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मला कळते. चिटणीस साहेबांनी मला 'कायदा आणि विद्यार्थी' असा मोकळा विषय दिला होता. परंतु जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल लागला आणि त्यानंतर औरंगाबादेतल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, आपल्या मोहल्ल्यांत बरेच दिवस तोच एक विषय होता. मोठी माणसे बोलत होती आणि मुले ऐकत होती. ऐकीव गोष्टींतून मुलांच्या मनात एक तर भीती बसते, नाही तर संताप बसतो. त्यापेक्षा माहिती बरी, असा विचार करून फाशीची शिक्षा झालेला माणूस एकांत कोठडीत कसा जगतो आणि कोणाच्या आधाराने जगतो, हा विषय मी आज निवडला आहे.

आपल्यासाठी हा विषय तसा नवा नाही. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. निष्पाप असून त्यांना तुरुंग भोगावा लागला, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण तुरुंगात त्यांच्याबरोबर दोघे जण होते, त्यांच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्यातला एक सुटणार होता आणि दुसरा सुळावर जाणार होता. दोघांना आपापल्या स्वप्नाचा अर्थ हवा होता. यूसुफ अलैहिस्सलाम त्यांना कैदी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत, तुरुंगातले सोबती म्हणून हाक मारतात. जो सुटणार होता त्याला ते म्हणतात, बाहेर गेल्यावर तुझ्या धन्यापाशी माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. त्या विसरण्यापायी यूसुफ अलैहिस्सलाम आणखी काही वर्षे आतच राहिले. हा विसरलेला सोबती आपण ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आता कायद्याकडे वळतो. एकांत कोठडी ही आपल्याकडे शिक्षा म्हणून कायद्यात लिहिलेली होती आणि आजही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ७३ व ७४ या कलमांत तिची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच ११ व १२ या कलमांत आली. परंतु ती द्यावयाची ती न्यायालयाने, तुरुंगाधिकाऱ्याने नव्हे, आणि तिलाही माप आहे. एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. मध्ये तेवढाच खंड पडला पाहिजे. तीन महिन्यांहून अधिक कैद ठोठावली असेल तर कोणत्याही एका महिन्यात सात दिवसांपेक्षा जास्त नाही. इंग्रज सरकार काही कैद्यांचे लाड करणारे नव्हते. तरीसुद्धा माणसाला एकटे ठेवणे ही गोष्ट विषासारखी थेंबाथेंबाने मोजून द्यावी लागते, एवढे त्यालाही कळत होते. अलीकडे, २०१५ साली, संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे नियम सुधारून घेतले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचे नाव दिले. दिवसातले बावीस तास किंवा अधिक वेळ माणसाचा खरा सहवास मिळू न देणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग पंधरा दिवसांपलीकडे नेऊ नये, असे ते नियम सांगतात.

मग फाशीचे कैदी वर्षानुवर्षे एकटे कसे राहत आले? त्याचे मूळ दुसऱ्या एका कायद्यात आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याचे कलम ३० सांगते की मृत्युदंडाच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि रात्रंदिवस त्याच्यावर पहारा असावा. तुरुंगवाल्यांनी याचा सरळ अर्थ लावला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की त्याच दिवशी माणूस कोठडीत आणि कोठडीला कुलूप. पुढे उच्च न्यायालय आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज आहे. यात दहा-पंधरा वर्षे सहज जातात. तोवर त्या माणसाने भिंतीशी बोलावे.

हा अर्थ चुकीचा आहे असे ठरले ते एका फाशीच्या कैद्यामुळेच. दिल्लीच्या तिहार कारागृहात सुनील बत्रा नावाचा कैदी होता. खुनाच्या गुन्ह्यात त्याला फाशी झाली होती. त्याने एकांत कोठडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि ते प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पीठावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर होते आणि न्यायमूर्ती मुर्तझा फजल अलीही होते. ३० ऑगस्ट १९७८ रोजी निकाल लागला. अपील, फेरविचार आणि दयेचा अर्ज या सगळ्या वाटा संपेपर्यंत कोणी 'मृत्युदंडाचा कैदी' होत नाही, आणि तोपर्यंत त्याला इतर कैद्यांप्रमाणे पुस्तके, वर्तमानपत्रे, खेळ, धड अन्न व कपडे मिळाले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. सगळ्या वाटा संपल्यानंतर वेगळे ठेवावयाचे झाले तरीही इतर माणसे त्याच्या दृष्टीस पडली पाहिजेत आणि त्यांचा आवाज त्याच्या कानी आला पाहिजे. एकट्याला कोंडण्याचा अधिकार कलम ३० तुरुंगाधिकाऱ्याला देत नाही.

एवढ्यावर सुनील बत्रा थांबला असता तरी कायद्याच्या पुस्तकात त्याचे नाव राहिले असते. परंतु त्याने पुढे आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. तुरुंगातील एका वॉर्डरने प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या एका कैद्याला पैशासाठी अमानुष मारहाण केली. प्रेमचंद स्वतः काही करू शकत नव्हता. बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्यावर ना स्टॅम्प होता, ना वकिलाची सही. न्यायालयाने ते साधे पत्र हीच याचिका मानली, डॉ. चितळे यांच्यासारख्या नामांकित वकिलाला न्यायालयाचा मित्र म्हणून नेमून तुरुंगात चौकशीसाठी पाठविले आणि २० डिसेंबर १९७९ रोजी निकाल दिला. तुरुंगाच्या भिंतीआड राज्यघटना संपत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. ज्याच्या स्वतःच्या गळ्याभोवती दोर होता त्याने शेजाऱ्याच्या दुखापतीबद्दल लिहिलेल्या पत्रातून ते निघाले. आज कोणताही गरीब माणूस पोस्टकार्डावर न्यायालयाकडे दाद मागू शकतो असे आपण अभिमानाने सांगतो, त्या वाटेवरचे हे एक पहिले पाऊल.

विद्यार्थी मित्रांनो, यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बत्राला लिहिता येत होते. तुरुंगात मांडून लिहिता येणारा माणूस फार थोडा सापडतो. ज्याला येते तो सगळ्या बराकीचा मुनशी होतो. कोणाचे घरचे पत्र, कोणाचा पॅरोलचा अर्ज, कोणाच्या अपिलाची तारीख कळविण्याची विनंती, सगळे त्याच्याकडे येते. तुम्हाला नववी-दहावीत अर्जलेखनाचा एक प्रश्न असतो, आणि तुम्ही तो चार गुणांसाठी पाठ करता.

कायदा ठरला म्हणून तो पाळला गेला, असे मात्र समजू नका. बेळगावजवळचे हिंडलगा कारागृह सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांना चांगले ठाऊक आहे. तेथे बी. ए. उमेश नावाचा फाशीचा कैदी २००६ पासून दहा वर्षे एकटा ठेवला गेला. म्हणजे बत्रा निकालानंतर अठ्ठावीस वर्षांनी! ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने हा एकांतवास बेकायदा ठरविला आणि त्या कारणावरून त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची कैद दिली. हा मनुष्य निर्दोष नव्हता. त्याचा गुन्हा किळसवाणा होता आणि तो सिद्ध झाला होता. येथे माझ्याशी काही पालक सहमत होणार नाहीत. अशा माणसाची कसली दया, असे ते म्हणतील. मला वाटते की न्यायालयाने त्याच्यावर दया केली नाही. शिक्षा देणारा कायदा शिक्षेच्या मापालाही बांधलेला आहे, एवढेच सांगितले. आणि हे माप गुन्हेगारासाठी पाळले गेले नाही तर निर्दोष माणसासाठी तरी कोण पाळणार? कोठडीचे दार लावताना आतला माणूस दोषी की निर्दोष हे शिपायाला माहीत नसते.

आता माणूस हे सोसतो कसे, याबद्दल सांगतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातला अँथनी रे हिंटन नावाचा काळा माणूस १९८५ साली दोन खुनांच्या आरोपाखाली पकडला गेला. त्याने ते केलेले नव्हते. पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड झाला आणि पाच फूट बाय सात फुटांच्या कोठडीत त्याला टाकण्यात आले. पहिली तीन वर्षे तो कोणाशी बोललाच नाही. मग एका रात्री शेजारच्या कोठडीतून रडण्याचा आवाज आला. त्या कैद्याची आई वारली होती. हिंटनचा स्वतःच्या आईवर फार जीव होता. त्याला राहवले नाही आणि तो अंधारात त्या माणसाशी बोलू लागला. त्या रात्रीपासून तो पुन्हा माणसांत आला. पुढे त्याने तुरुंगाधिकाऱ्यांच्या परवानगीने फाशीच्या कैद्यांचे वाचक मंडळ काढले. मोजकी पुस्तके आणि मोजके वाचक, पण एका टेबलाभोवती बसून ही माणसे कादंबरीतल्या माणसांविषयी वाद घालू लागली.

त्या मंडळात हेन्री हेज नावाचा गोरा कैदी होता. कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या संघटनेचा तो माणूस. १९८१ साली मायकेल डोनाल्ड या एकोणीस वर्षांच्या काळ्या मुलाला मारून त्याचे प्रेत झाडाला टांगल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला होता. हिंटन आणि तो मित्र झाले. काळ्यांचा द्वेष करायला हेजला त्याच्या घरानेच शिकवले होते. ते शिक्षण चुकीचे होते, हे त्याला मृत्युदंडाच्या कोठडीत शेजारच्या काळ्या माणसाच्या मैत्रीतून कळले. १९९७ मध्ये त्याला मृत्यूच्या खुर्चीत बसविण्यात आले. कोणाचीही शिक्षा अंमलात येण्याच्या वेळी इतर कैदी आपापल्या दारांचे गज बडवीत, जाणाऱ्याला आपण एकटे नाही हे ऐकू यावे म्हणून. त्याही रात्री ते बडवले गेले. हिंटन ३ एप्रिल २०१५ रोजी निर्दोष म्हणून बाहेर आला, तेव्हा त्याची तीस वर्षे गेली होती.

हे दूरदेशीचे झाले. आपल्या महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय असलेली कारागृहे दोन, पुण्याचे येरवडा आणि नागपूरचे मध्यवर्ती कारागृह. येरवड्याचे नाव घेतले की मला सोलापूरचे चौघे आठवतात. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, पोलीस मारले गेले आणि १२ मे रोजी तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुर्बान हुसेन विशीतला तरुण, 'गझनफर' या पत्राचा संपादक, गिरणी कामगारांत काम करणारा. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. त्याच तुरुंगात त्या वेळी खुद्द गांधीजी बंदी होते. सोलापुरात या चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत. आपल्या मुलांना अशफाकउल्ला खान यांचे नाव माहीत असते. आपल्याच राज्यातल्या, पत्र चालवणाऱ्या या मुलाचे नाव मात्र फारच थोड्यांना सांगता येते, याचे मला वाईट वाटते.

नागपूरच्या फाशी यार्डाची गोष्ट मात्र आजची आहे. तेथून सुटलेल्या एका माणसाची हकीकत शाळेच्या सभेत सांगण्यासारखी आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात बायका होत्या आणि मुले होती. पकडलेल्यांत राजस्थानातून आलेला एक मुलगा होता. पोलिसांच्या कागदावर त्याचे नाव नारायण लिहिले गेले आणि वय वीस-बावीस. १९९८ मध्ये त्याला फाशी झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पंचवीस वर्षे तो फाशीच्या छायेत राहिला. त्या काळात तो शिकला. समाजशास्त्रात एम. ए. झाला. त्याचे खरे नाव निरानाराम चेतनराम चौधरी. बिकानेर जिल्ह्यातील जलाबसर या खेड्याच्या सरकारी शाळेत तो लहानपणी गेला होता, आणि त्या शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने! बालकाला फाशी देताच येत नाही. २०१८ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी झाली आणि २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने ती नोंद ग्राह्य धरून त्याला सोडण्याचा हुकूम दिला. अटकेपासून अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते.

आणखी एक प्रकरण थोडक्यात सांगतो, म्हणजे हे दुःख फक्त आपल्याच जमातीचे आहे असे कोणी समजणार नाही. २००३ सालच्या नाशिकजवळच्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. सगळे शिंदे आडनावाचे. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी प्रकरण पुन्हा तपासून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा हुकूम राज्य शासनाला केला. दहा वर्षांपूर्वी दयेचा अर्ज लवकर फेटाळला गेला असता तर हे पाच लाख कोणाला दिले असते?

आता ज्या निकालामुळे हे सर्व बोलावयाचे झाले तो निकाल. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली आणि शेकडो जखमी झाली. कामावरून घरी निघालेली ही माणसे होती, त्यांत सर्व धर्मांचे लोक होते, आणि त्यांच्या घरच्यांना अजून न्याय मिळालेला नाही. हे आधी मनात ठेवून पुढचे ऐकावे. तेरा मुसलमान तरुणांवर खटला चालला. ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले आणि ३० सप्टेंबरला पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा, अब्दुल वाहिद शेख, निर्दोष सुटला. फाशीच्या पाचांची शिक्षा कायम करण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात जवळजवळ दहा वर्षे पडून राहिला. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळ करून घेतलेले व विश्वासार्ह नाहीत, शंभरहून अधिक दिवसांनी पटलेली ओळख भरवशाची नाही आणि सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला आहे, असे न्यायालयाने सहाशेहून अधिक पानांत लिहिले. राज्य शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविण्यास नकार दिला.

या पाचांपैकी कमाल अहमद अन्सारी हा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या कारागृहात तो कोरोनाने वारला. तो निर्दोष असल्याचे न्यायालयाने त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी सांगितले. दुसरा, एहतेशाम सिद्दीकी. फाशीच्या शिक्षेखाली असताना त्याने अनेक अभ्यासक्रम पूर्ण केले आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्जांमागून अर्ज केले. कागद मिळविला, नाकारला गेला तर अपील केले, आयोगापुढे गेला, तेथून उच्च न्यायालयात गेला. कोठडीतल्या माणसाने सरकारी कार्यालयाकडे अर्ज करावा आणि कार्यालयाने त्याला लेखी उत्तर द्यावे, या एका धाग्याने तो बाहेरच्या जगाला बांधलेला राहिला असावा असे मला वाटते. दारावर कोणी येत नसेल तेव्हा पोस्टाने आलेला नकारसुद्धा माणसाचा आवाज असतो.

आणि तेरावा, वाहिद शेख. हा मुंबईतला शाळामास्तर. नऊ वर्षे तुरुंगात राहिला, तेथे कायद्याचा अभ्यास केला आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. सुटल्यावर पुन्हा शाळेत शिकवू लागला, पुढे तुरुंगातील साहित्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळविली. त्याने गप्प घरी बसावयाचे ठरविले असते तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. घरी बायको-मुले, मागे पोलिसांचे लक्ष, पोटाची नोकरी. अशा माणसाने 'मला त्यातले काही विचारू नका' म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ज्या बारा जणांना तो मागे ठेवून आला होता त्यांच्याविषयी तो दहा वर्षे बोलत राहिला. सभांतून बोलला, लेख लिहिले, वकिलांकडे खेटे घातले, त्यांच्या घरच्यांना धीर दिला. २१ जुलै २०२५ पर्यंत त्याने ते सोडले नाही. यूसुफ अलैहिस्सलाम यांचा सोबती धन्यापाशी जाऊन विसरला होता. हा मास्तर विसरला नाही.

वालिदैन, आता आपल्याविषयी दोन शब्द. एकांत कोठडी तुरुंगातच असते असे नाही. एखाद्या घरातला मुलगा पकडला गेला की त्या घराकडे जाणारी वाट ओस पडते. दुकानदार उधारी बंद करतो, ठरलेले लग्न मोडते, जुम्याच्या नमाजीनंतर हात मिळवणारे लोक दुसऱ्या दाराने निघतात. हे मी दुसऱ्या कोणत्या समाजाविषयी बोलत नाही. मुलगा दोषी आहे की नाही ते न्यायालय ठरवील, पण त्याच्या लहान बहिणीच्या शाळेची फी कोण भरणार हे न्यायालय ठरवत नाही. मराठवाड्यातून नागपूरला कैद्याच्या भेटीला जाणे म्हणजे रात्रीचा प्रवास, रांग, काही मिनिटांची भेट आणि पुन्हा रात्रीचा प्रवास. म्हाताऱ्या आईबरोबर सोबत म्हणून जाणारा एक माणूस मिळाला तरी खूप होते. आणि हेही माहीत असू द्या की अटकेत असलेल्या प्रत्येकाला, त्याची मिळकत कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे अर्ज द्यावा लागतो. अर्ज कसा लिहावयाचा हे आपली नववीतली मुले तुम्हाला दाखवतील, निदान त्यांनी दाखवावे.

शेवटी चिटणीस साहेबांकडे आणि पालकांकडे एक काम मागतो. जलाबसरच्या शाळेने रजिस्टर जपून ठेवले म्हणून एका माणसाचे वय सिद्ध झाले. आपल्याकडे काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. बाप मुलाला घेऊन शाळेत येतो, जन्माचा दाखला नसतो, गुरुजी अंदाजाने १ जून लिहून मोकळे होतात. औरंगाबादेत १ जूनला जन्मलेली इतकी माणसे आहेत की त्या दिवशी घाटीत जागाच उरत नसेल! ही हसण्याची गोष्ट असली तरी पुढे कधी काळी त्या एका ओळीवर मोठी गोष्ट अवलंबून असू शकते. आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे माळ्यावर आहेत, त्यांना वाळवी लागण्यापूर्वी ती लोखंडी कपाटात हलवावीत. पालकांनी आपल्या मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख आणि त्यांचे स्पेलिंग आधार कार्डाशी व जन्माच्या दाखल्याशी जुळते का ते तपासावे आणि चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवरच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी, कारण शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती फार कटकटीची होते. कारकून साहेबांना मी सांगून ठेवले आहे. आज असरपर्यंत कार्यालय उघडे राहील आणि यंदाचे रजिस्टर टेबलावर असेल. जाताना पाहून जावे.